कमी कार्ब, कमी पैसे: महिना अकरा हजारांत चौघांचं कसं जमवायचं?

मालदांडी | १२ ऑक्टोबर, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. सहा वर्षं इथं नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय. चुकलं-माकलं सांभाळून घ्या.

मी मूळची मंगळवेढ्याची, लग्नानंतर चिंचवडला. नवरा वर्कशॉपमध्ये, फिरत्या पाळ्या. मुलगा नववीत, सासूबाई एकाहत्तरच्या. गेल्या महिन्यात कंपनीच्या तपासणीत नवऱ्याची एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ८.६ निघाली. वजन ८४. डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि 'कार्ब, म्हणजे पिष्टमय आणि गोड, कमी करा' म्हणाले. कमी म्हणजे किती, आणि मग खायचं काय, हे विचारायला एका आहारतज्ज्ञ बाईंकडे गेलो. सातशे रुपये घेऊन त्यांनी छापील तक्ता हातात दिला. बदामाच्या पिठाची पोळी, ब्रोकोली, अ‍ॅव्होकाडो, ऑलिव्ह तेल, चिया, ग्रीक योगर्ट. जिना उतरताना नवरा म्हणाला, "ह्यातलं दही तेवढं ओळखीचं वाटतंय."

मी तो कागद घेऊन मॉलमध्ये जाऊन नुसते भाव बघून आले. पहिल्या आठवड्याचं सामान चार हजार दोनशे. आमचं किराणा, दूध, भाजी, अंडी सगळं मिळून महिन्याचं गणित अकरा हजारांचं, तेही क्लासची फी नसेल त्या महिन्यात.

दुसरं दुखणं भाकरीचं. ज्वारीच्या भाकरीत कार्ब नसतात असं मी आजवर छातीठोक सांगत आले. पोळी बंद करून भाकरी सुरू केली तर त्या बाई म्हणाल्या, तेच ते. आमच्या गावच्या मालदांडी ज्वारीला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालंय, आणि माझ्याच घरात तिला दारातून हाकलायची वेळ आली! खरंच तेच ते आहे का? आणि स्वस्तात, एकाच स्वयंपाकात चौघांचं कसं भागवायचं? स्वतः केलेल्यांनीच सांगा, यूट्यूब बघून झालंय.

कीटो_कसरत | १२ ऑक्टोबर, रात्री ११:१५

ताई, तो तक्ता मुलाला पाठकोऱ्या कागदासारखा वापरायला द्या.

मी तीन वर्षांपूर्वी कडक कीटो केलं, म्हणजे कार्ब जवळजवळ बंदच. पहिल्या महिन्यात सामानाचे चौदा हजार, एकट्याचे. बदामाच्या पिठाचा पिझ्झा, नारळाच्या पिठाचा केक, स्टीव्हियाचा गुलाबजाम (नका विचारू). सहा किलो उतरलं, पुढच्या लग्नसराईत आठ चढलं. मागं वळून बघतो तेव्हा दिसतं की पैसे गेले ते सगळे नकलेवर गेले. पोळीसारखी पोळी, ब्रेडसारखा ब्रेड, साखरेसारखी साखर. भाजी, अंडी, ताक, दाणे ह्यांवर मी त्या महिन्यात दोन हजारही खर्चले नव्हते.

आणखी एक. पहिल्या आठवड्यात वजन भराभर उतरेल, हुरळू नका. शरीरात साठवलेल्या साखरेबरोबर बरंच पाणी धरून ठेवलेलं असतं, ते जातं. तेव्हा डोकं दुखतं, गळून गेल्यासारखं होतं. बीपी नसेल तर ताकात मीठ घालून प्यायचं.

काळी_आई | १३ ऑक्टोबर, सकाळी ६:०५

बार्शीकडचा शेतकरी आहे म्हणून राहवत नाही. ज्वारीला नावं ठेवू नका. आमचे आजोबा वेळेला चार भाकरी खायचे, नव्वदीपर्यंत विहिरीत पोहले. ही साखर-बिखर सगळी गव्हानं आणि हायब्रीड तांदळानं आणली. भाकरी खा, बिनधास्त खा.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, सकाळी ९:३०

काळी_आई, ज्वारीला नावं कोणीच ठेवत नाहीये, फक्त वजनकाट्यावर ठेवतोय. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात साधारण ६८ ग्रॅम कार्ब, गव्हाच्या पिठात ६४ च्या आसपास, तांदळात ७८. ज्वारीत तंतू चांगले, म्हणून साखर जरा सावकाश चढते, पण चढते. मध्यम भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कार्ब. तीन भाकऱ्या आणि वर वाटीभर भात झाला की दीडशेच्या जवळ, एका जेवणात.

म्हणून मालदांडीताई, भाकरी हाकलू नका, एकीवर आणा. बाकीच्या दोन भाकऱ्यांच्या जागी काय येणार, हा खरा पैशाचा प्रश्न आहे. भूक भागवायला भाजी आणि प्रथिनं दोन्ही लागतात. प्रथिनांचा हिशेब मी माझ्या वाण्याच्या नि चिकनवाल्याच्या भावानं मांडलाय, तुमच्याकडे दोन-पाच रुपये इकडेतिकडे होतील. शंभर ग्रॅम प्रथिनं मिळवायला किती पैसे पडतात बघा.

सुटे सोयाचंक १३० रुपये किलो, निम्मं वजन प्रथिनांचं, म्हणजे फक्त २६ रुपये. शेंगदाणे १४० किलो, तर ५६ रुपये. अंडं सात रुपयांचं आणि त्यात सहा ग्रॅम, म्हणजे ११७. चिकन २४० किलो, हाडं वगळून हिशेब केला तर १८५ च्या घरात. गायीचं दूध ६० रुपये लिटर, १८८. पनीर ४०० किलो, २२२. हरभऱ्याची डाळ ४२ रुपयांत बसते, पण तिच्यात प्रथिनांच्या दुपटीहून जास्त कार्ब येतात, म्हणून ती भाकरीच्या खात्यातून वजा करायची.

पनीर घरी केलं तर स्वस्त पडतं हा एक गोड गैरसमज. म्हशीचं लिटरभर दूध ७६ रुपये, पनीर निघतं दोनशे ग्रॅमच्या आसपास. किलोला ३८० झालेच की. भेसळीची भीती नाही आणि निवळीचं पाणी आमटीला येतं, एवढाच फायदा.

काळी_आई | १३ ऑक्टोबर, दुपारी १:२०

आकड्यांपुढं काय बोलणार. खरं सांगायचं तर आजोबा मोट हाकायचे, आणि मी मोबाइलवरून मोटर चालू करतो. माझी उपाशीपोटीची साखर ११८ आहे. वाचतोय.

रात्रपाळी | १३ ऑक्टोबर, रात्री ११:५०

मी डॉक्टर आहे, तुमच्या यजमानांचा नाही. त्यामुळे हे सर्वसाधारण.

ताई, पाककृतींच्या आधी गोळ्यांची नावं बघा. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर कार्ब कमी करताना साखर एकदम खाली जायची भीती फार कमी. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड असेल, तर ती गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायलाच लावते, तुम्ही तीन भाकऱ्या खा नाहीतर काकडी खा. जेवण बदलायच्या आधी डोस बदलायचा का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन असेल तर तेच, आणखी काळजीनं. डापाग्लिफ्लोझिनच्या गटातली गोळी असेल तर कडक कीटो करूच नका, त्यात साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हेही विचारूनच.

आणि 'कमी' म्हणजे शून्य नव्हे. आयसीएमआर-इंडिअ‍ॅबच्या, म्हणजे वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मधुमेहावरच्या, देशव्यापी पाहणीत आपल्या जेवणातली सरासरी ६२ टक्के ऊर्जा कार्बमधून येते असं दिसलं. तिथून पन्नासच्या आसपास आणून प्रथिनं वाढवली तरी पुष्कळांना चांगला फरक पडतो. त्याला अ‍ॅव्होकाडो लागत नाही.

फ्लॉवरभात | १४ ऑक्टोबर, पहाटे ३:१०

न्यू जर्सीहून. इथे गोठवलेला फ्लॉवर राइस मिळतो, दोन मिनिटं मायक्रोवेव्ह, भातासारखाच लागतो. तिकडे मिळत नाही का?

कीटो_कसरत | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:००

मिळतो की. फ्लॉवर मंडईत, किसणी घरात.

फ्लॉवरभात | १४ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

आयडी बदलावा म्हणतो.

मालदांडी | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

सगळ्यांचे आभार, विशेषतः हिशेबनीस. मी नवऱ्याच्या दिवसाचा खर्च पहिल्यांदाच कागदावर मांडला. डब्यात चार पोळ्या, सकाळी पोहे, रात्री भाकरी-भात हे मला माहीतच होतं. माहीत नव्हतं ते गेटबाहेरचं: वडापाव २० आणि दोन गोड चहा २०. दिवसाला चाळीस, सव्वीस दिवसांचे हजारावर! तीन अंडी रोज म्हटली तरी महिन्याला ६३० होतात. वडापावातच अंडी बसली.

गोळ्या मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड आहेत. शनिवारी डॉक्टरांकडे जायचंच आहे, तेव्हा विचारते.

आता अडचण सोयाचंकची. एकदा केले होते. मुलगा म्हणाला, "आई, ओला स्पंज." सासूबाई बोलल्याच नाहीत, ते जास्त लागलं.

पाटावरवंटा | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५०

त्यांना नुसतं भिजवून रश्शात टाकलंत ना? तिथंच घोडं पेंड खातं. मिठाच्या पाण्यात पाच मिनिटं उकळायचे, गार पाण्यात टाकायचे आणि दोन्ही तळव्यांत दाबून पिळायचे. फेसाळ, पिवळट पाणी निघतं, कुबट वास त्यात असतो. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा. तिसऱ्यांदा पाणी स्वच्छ निघालं की थांबा. मग मिक्सरला अर्धवट फिरवा, अगदी एकदाच बटण दाबून सोडायचं. खिम्यासारखा भुगा होतो.

आता लोखंडी कढईत तेल, भरपूर कांदा, आलं-लसूण, आणि तो भुगा कोरडा होईपर्यंत परतायचा. कडेला तांबूस कण चिकटायला लागले की कांदा-लसूण मसाला किंवा काळं तिखट, टोमॅटो, वर कोथिंबीर. माणशी तीस ग्रॅम सुका सोया पुरतो. पंधरा ग्रॅम प्रथिनं, खर्च चार रुपये. घरात सांगायचं नाही कशाचा आहे. माझ्या दिरांनी दोन वर्षं मटणाचा खिमा म्हणून खाल्लाय.

शिवाय पीठ पेरलेल्या भाज्या विसरू नका. मेथी, शेपू, कोबी, कांद्याची पात, सिमला मिरची. जुडीभर भाजीला दोनच चमचे डाळीचं पीठ. पिठलं केलं की पीठ जास्त जातं, पीठ पेरलं की भाजी जास्त जाते. ताटात वाटीभर भाजी वाढायची सवय मोडा, पोह्यांच्या बशीत वाढतो तेवढी भाजी वाढा. भाजी वाढली की तेलही वाढतं, ते मात्र बघा. शेंगदाणा तेल आहे, पाणी नाही.

मंडई_बंद_होताना | १५ ऑक्टोबर, दुपारी १२:४०

नावाप्रमाणे बोलतो. भाजी साडेआठनंतर घ्या. पालेभाजी उद्यापर्यंत टिकत नाही हे विकणाऱ्या मावशींना आपल्यापेक्षा जास्त कळतं. वीस रुपयांची जुडी दहाला, कधी तीन जुड्या वीसला. घरी आल्याआल्या निवडून, कोरडी करून जुन्या सुती कापडात गुंडाळायची, तीन दिवस राहते.

आणि ज्या भाजीला घरात कोणी विचारत नाही ती घ्या. तांदुळजा, चाकवत, अंबाडी, मुळ्याचा पाला, पडवळ, घोसाळं, कोहळा. ब्रोकोलीचे भाव बघून जीव घाबरा करून घेण्यापेक्षा पंधरा रुपयांचा कोबी बरा. बटाटा, रताळं, अरवी, मटार, मका, हे भाजीवाल्याकडे मिळत असले तरी हिशेबात भातात धरायचे.

सुकटबाई | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:३०

अंडी, चिकन, पनीर सगळं बोलून झालं, पण मासळीचं कोणी नाव काढेना. हे काय चाललंय?

पापलेट-सुरमईकडे बघू नका, ती पाहुण्यांची. तारली घ्या, बांगडा घ्या, मांदेली घ्या. तारलीला काटा फार म्हणून लोक नाकं मुरडतात, पण कुकरला चिंचेच्या कोळात दोन शिट्ट्या जास्त दिल्या की काटा विरघळल्यागत होतो. सुका जवळा पाचशे रुपये किलो ऐकून दचकू नका, चौघांच्या भाजीला पंचवीस-तीस ग्रॅम बस होतो, म्हणजे पंधरा रुपये. कोरडा भाजायचा, दोनदा धुवायचा, मग कांदा-कोकमात. वांग्यात घाला, दुधीत घाला, पडवळात तर काय लागतो! आमच्याकडे पावसाळ्यात मासेमारी बंद असते, जून-जुलै, तेव्हाची बेगमी मे महिन्यातच भरून ठेवतात. तुम्हीही तेव्हाच घ्या, स्वस्त आणि खडखडीत वाळलेला मिळतो. बीपी असेल तर खारवलेलं जपून.

उपासकर | १५ ऑक्टोबर, रात्री ९:००

माझं शाकाहारी कुटुंब, त्यात महिन्याला दोन एकादश्या, एक चतुर्थी आणि सोमवार. एकादशी दुप्पट खाशी हे आमच्याकडं शब्दशः. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, वरीचे तांदूळही त्याच वळणाचे. काय करावं?

पाटावरवंटा | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३५

आमटी घट्ट, भगर पळीभर. दाण्याच्या कुटाची आमटी जिरं-मिरचीची, दही घातलेली काकडीची कोशिंबीर, लाल भोपळ्याची तुपातली भाजी. देव रागवत नाही, मी विचारून घेतलंय.

रात्रपाळी | १५ ऑक्टोबर, रात्री ११:३०

ग्लिमेपिराइडवाल्यांनी उपासाच्या दिवशी गोळी कशी घ्यायची, हे देवाच्या आधी डॉक्टरांना विचारावं.

वऱ्हाडी_ठेचा | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

जवसाले इथं कोणीच वाली नाही काय? आमच्याकडं वर्ध्याले जवसाची चटणी नाही असं घर सापडत नाही. जवसातले कार्ब बहुतेक तंतूच असतात, चरबी चांगली, आन पोट भरते. भाजून, लसूण-तिखट-मीठ घालून कुटा, आन भाजीवर दोन चमचे, ताकात एक चमचा. एक किलो महिनाभर पुरते. तुमच्या त्या चियाचा हा गावठी काका समजा, फक्त याले पॅकिंग नाही.

दुसरं थोडं कडू बोलतो. माह्या वस्तीत पिवळं आन केशरी कार्डवाले लोक हायेत. रेशनवर माणशी पाच किलो गहू-तांदूळ फुकट भेटते, चांगलीच गोष्ट आहे, उपाशी कोणी झोपत नाही. पण मग ताटात तेच येते. २०२२ च्या दिवाळीले शंभर रुपयात आनंदाचा शिधा आला, त्यात रवा, साखर, पामतेल, आन डाळ तेवढी कामाची. ज्याले साखर झाली त्यानं फुकटचा तांदूळ सोडून सात रुपयाचं अंडं घ्यावं, हे सांगणं सोपं आहे. शेजारच्या काकूले मी सांगून पाह्यलं. ती म्हणे, "बाबू, तांदूळ तं फुकट आहे, मी तं अंड्यात तोट्यातच जाते ना." तिच्या हिशेबात काय चूक काढाल? शेवटी तिनं भात अर्धा केला, दाणे आन जवस वाढवले, आंगणात शेवगा होताच, त्याचा पाला रोज.

हिशेबनीस | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:१०

काकूंचा हिशेब बरोबर आहे. माझ्या सगळ्या बेरजेत तांदळाला भाव होता. ही गोष्ट लक्षातच आली नव्हती.

दोनवेळा | १६ ऑक्टोबर, दुपारी २:००

एवढा काथ्याकूट कशाला? डॉ. दीक्षितांचं बघा, दिवसातून दोनदाच, पंचावन्न मिनिटांत जेवा. वेगळं सामान नाही, खर्च शून्य, उलट नाश्ता वाचतो.

घासघास | १६ ऑक्टोबर, दुपारी २:०४

आणि दुपारी चारला चक्कर आली की? ऋजुता दिवेकर दर दोन तासांनी खा म्हणतात, ते काय उगीच?

(ह्यानंतरचे अडतीस प्रतिसाद वेगळ्या धाग्यावर हलवले आहेत. तिथेही शांततेत घ्या. – संपादक)

मालदांडी | २५ ऑक्टोबर, रात्री ११:२०

एक चूक झाली, ती लपवून काय उपयोग.

त्या शनिवारी डॉक्टर गावाला गेले होते. मी म्हटलं, आठवडाभरानं विचारू, तोवर जेवण तर सुरू करू. भाकरी एक, भात बंद, सकाळी दोन अंडी आणि पीठ पेरलेली मेथी. काही दिवस छान गेले. नवरा स्वतःहून म्हणाला, दुपारची झोप यायची थांबली. काल दुसरी पाळी होती. सातच्या सुमाराला मशीनपुढं दरदरून घाम, हात कापायला लागले. ह्यांना वाटलं उकडतंय. शेजारच्या मशीनवरच्या दादांना स्वतःला साखर आहे, त्यांनी ओळखलं. चहात तीन चमचे साखर ढवळून पाजली, बाकावर बसवलं, फर्स्टएडमधल्या मशीननं तपासली तर ५८. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघितली, ८१.

आज डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ग्लिमेपिराइड दोनाची एक केली, आणि खिशात साखरेची पुडी ठेवायला सांगितली. मला म्हणाले, जेवण चांगलं बदललंय, पण मला आधी सांगायचं होतं. रात्रपाळी, तुम्ही लिहिलं होतं, मी वाचलंही होतं. माफ करा.

रात्रपाळी | २६ ऑक्टोबर, रात्री १:१५

माफी माझी कशाला. त्या शेजारच्या मशीनवाल्या दादांना अंडाकरी खाऊ घाला, त्यांनी अगदी पुस्तकातल्यासारखं केलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणंसुद्धा.

आता डोस बदललाय, तर साखर तपासायचं मशीन घरी घ्या. पट्ट्या महाग असतात, म्हणून रोज उठून टोचत बसू नका. ठरावीक जेवण निवडा, आधी एकदा आणि जेवायला सुरुवात केल्यावर दोन तासांनी एकदा. एका जेवणाला दोन पट्ट्या. त्या दोन आकड्यांतला फरक म्हणजे त्या ताटाबद्दल त्यांच्या शरीराचं मत.

मालदांडी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:३०

पट्टी वीस रुपयाला पडते, त्यामुळे एकेक जेवण लग्न जुळवल्यासारखं निवडलं. दोन तासांत साखर किती वाढली ते देते. पोह्यांची बशी: ८९. दोन पोळ्या, बटाट्याची भाजी: ९६. दोन ज्वारीच्या भाकऱ्या आणि वांगं: ७४. एक भाकरी, परातभर मेथी, सोयाखिमा, ताक: ३१.

मला सगळ्यात नवल वाटलं ते शेवटच्या तपासणीचं. तीच एक भाकरी, तेच ताट, पण आधी भाजी आणि खिमा खाल्ला, भाकरी शेवटी. २२. ह्यात खर्च काय वाढला, फक्त सासूबाईंची बडबड. "भाकरी काय मुखवास आहे का, शेवटी खायला?"

सोयाखिम्याला त्यांनी "बरा झालाय" म्हटलं. कशाचा आहे ते विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

सुकटबाई | १० नोव्हेंबर, सकाळी ११:००

एक वेळ जवळा-वांगं करून टोचा आणि आकडा इथं लिहा. मी थांबलेय.

काळी_आई | १० नोव्हेंबर, रात्री ८:१५

आमच्या घरात दिवाळीपासून तीनच्या दोन भाकऱ्या झाल्या. कारभारणीनं धागा वाचला. आता ती मला ताई काय म्हणाल्या, हिशेबनीस काय म्हणाले, ते सांगते. धागा मीच दाखवला होता.

मालदांडी | १८ जानेवारी, रात्री ९:५०

धागा वर काढतेय. काल तपासणी झाली. ८.६ वरून ७.२. वजन ८४ वरून ७९. डॉक्टरांनी ग्लिमेपिराइड पूर्ण थांबवून बघू म्हटलंय, मेटफॉर्मिन चालू.

खर्चाचं सांगते, कारण धागा त्याचाच होता. नोव्हेंबर १२,३०० गेला, पट्ट्या आणि मशीन धरून. डिसेंबर ११,१५०. जानेवारी अजून चालू आहे, पण अकराच्या आत बसेल असं दिसतंय. वाढलं काय तर अंडी, भाजी, दाणे, तेल. कमी झालं काय तर गहू निम्मा, तांदूळ पाऊण, साखर चार किलोची दीड किलो, बिस्किटं आणि खारी बंद, गेटवरचा वडापाव बंद (रविवारी घरी एक, पावाशिवाय, हे मी बघितलं नाही असं आमचं ठरलंय). स्वयंपाक एकच. मुलाला त्याच ताटात चार पोळ्या, नवऱ्याला एक भाकरी. वेळ मात्र जास्त जातो, भाजी निवडण्यात. तो कोणाच्याच हिशेबात धरलेला नव्हता. आता रात्री मालिका बघत नवराच निवडतो, शेपूच्या काड्या ठेवतो तेवढ्या.

भोगीला बाजरीची तीळ लावलेली भाकरी आणि मिसळीची भाजी. वर्षातून एक दिवस तरी आपल्या लोकांनी हे ताट आधीच बरोबर लावून ठेवलंय, भाजी ढीगभर नि भाकरी तोंडी लावायला. ह्यांनी अर्धीच खाल्ली. वाढ ३८.

सुकटबाई, जवळा-वांगं: १९. जिंकलात.

सुकटबाई | १८ जानेवारी, रात्री १०:०२

मला माहीत होतं.

हिशेबनीस | १८ जानेवारी, रात्री १०:२०

अभिनंदन ताई! साखर चार किलोची दीड किलो झाली, हा आकडा मला एचबीएवनसीपेक्षा आवडला. उरलेली दीड किलो कुठं जाते पण?

मालदांडी | १८ जानेवारी, रात्री १०:४५

सासूबाईंच्या चहात. तिथं माझं काही चालत नाही.

आणि एक राहिलंच. परवा भाऊ मंगळवेढ्याहून आला, हुरडा घेऊन. कोवळा, तव्यावर शेकलेला, वर शेंगदाण्याची चटणी. नवऱ्यानं दोन मुठी खाल्ल्या, मग माझ्याकडं बघितलं, मग तिसरी घेतली. दोन तासांनी मी मशीन काढलं. तो म्हणाला, "राहू दे की एवढं, वीस रुपयाची पट्टी वाया जाईल."

नाही टोचलं.